शक्ती किती, आणि भार कुणावर?



भाद्रपद जवळ आला की आपल्यात एक प्रश्न हमखास निघतो. मंदिराच्या पायरीवर निघतो, सोसायटीच्या बाकावर निघतो, सीवूड्स स्टेशनवर लोकलची वाट बघतानाही निघतो. यंदा काय धरणार? दहाही दिवस उपवास, एकाशन, की नुसता रात्रीभोजनाचा त्याग? या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो कुणी मोठ्यानं विचारत नाही. माणसानं पूर्ण निर्दोष व्हायचा ध्यास घ्यावा, की घर, नोकरी, मुलं, म्हातारी माणसं सांभाळून झेपेल तेवढा धर्म करावा?

हा प्रश्न आपल्या एकटीचा नाही. सुसान वुल्फ नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंनी 1982 मध्ये ‘नैतिक संत’ या विषयावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक क्षण भलं करण्यात घालवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात कादंबरी वाचायला, एखादं वाद्य वाजवायला, टेनिसचा हात सुधारायला जागाच उरत नाही. असा नैतिक संत आपण नाही आणि आपली माणसंही नाहीत, याचं त्यांना बरंच वाटतं. निबंध गाजला, त्यावर पुष्कळ वाद झाले. पण वाचताना सारखं जाणवतं, की त्यांच्या विचारातला माणूस एकटा आहे. त्याच्या घरी सकाळी उठून पाणी कोण गाळतं, हा प्रश्न तिथे येत नाही. आपल्याकडे तो पहिला प्रश्न आहे.

म्हणून आज मी तुम्हाला आपल्याच भागातल्या दोन माणसांची गोष्ट सांगणार आहे. एक भोजचे, एक कुंभोजच्या. नावं सारखी वाटली तरी गावं वेगळी. भोज बेळगाव जिल्ह्यात निपाणीजवळ, दूधगंगा-वेदगंगेच्या संगमापाशी. कुंभोज कोल्हापूर जिल्ह्यात, बाहुबलीच्या डोंगराजवळ. दोघांची घरं पाटलांची, शेतीवाडीची, दिगंबर जैन.

भोजचे सातगोंडा पाटील म्हणजे पुढचे चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज. जन्म 1872 चा. त्या काळच्या रीतीनं नवव्या वर्षी लग्न लावून दिलं, ती लहानगी मुलगी काही महिन्यांतच वारली. मोठं झाल्यावर घरच्यांनी पुन्हा लग्नाचा विषय काढला, त्यांनी नकार दिला. दीक्षेची ओढ तरुणपणीच लागली होती. त्यांच्या चरित्रांत सांगतात, की शेतात पाखरं दाणे टिपायला आली तर ते त्यांना हाकलत नसत, उलट त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवत.

अशा माणसानं विशीत घर सोडलं असतं तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण आईवडिलांनी सांगितलं, आम्ही आहोत तोवर जाऊ नकोस. आणि सातगोंडा थांबले. एकदोन वर्षं नाही, वीस वर्षांहून अधिक. शेती बघितली, व्यवहार बघितला, आईवडिलांची शेवटपर्यंत सेवा केली. ते गेल्यावर, चाळिशी ओलांडल्यावर, उत्तूरला देवेंद्रकीर्तींकडून क्षुल्लक दीक्षा घेतली. 1920 मध्ये यरनाळला मुनिदीक्षा झाली आणि 1924 मध्ये समडोळीला आचार्यपद मिळालं.

श्वेतांबर परंपरेत भगवान महावीरांची अशीच कथा आहे. आईवडील असेपर्यंत दीक्षा घेणार नाही असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते गेल्यावर थोरल्या भावाच्या शब्दाखातर आणखी दोन वर्षं घरी राहिले. आपल्या दिगंबर परंपरेत ती कथा तशी नाही. पण भोजच्या पाटलांनी प्रत्यक्ष जगून दाखवलं ते तेच. पूर्णतेची ओढ लागलेला माणूस वीस वर्षं थांबतो, कारण त्याच्या जाण्याची किंमत दुसऱ्या कुणाला मोजावी लागणार असते.

ही वीस वर्षं फुकट गेली का? आपले शास्त्रकार तसं म्हणणार नाहीत. आपल्याकडे महाव्रत आणि अणुव्रत ही दोन वेगळी मापं पहिल्यापासून आहेत. समंतभद्र आचार्यांचं ‘रत्नकरंड श्रावकाचार’ पुष्कळ घरांत असतं. अवघे 150 श्लोक. त्यात पाच अणुव्रतं, तीन गुणव्रतं, चार शिक्षाव्रतं, मग अकरा प्रतिमा, म्हणजे श्रावकाच्या चढायच्या अकरा पायऱ्या. घरात राहणाऱ्याकडून मुनीचं माप मागितलेलंच नाही. हिंसेचंच बघा. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी चार प्रकारची हिंसा सांगतात. त्यातली मारायच्या हेतूनं केलेली संकल्पी हिंसा श्रावकानं पूर्ण सोडायची. चूल पेटवताना, केर काढताना, धान्य दळताना होणारी ती आरंभी. ती जपून, कमीत कमी करायची. पोटासाठी काम करताना होणारी ती उद्योगी, आणि घराच्या रक्षणासाठी नाइलाजानं होणारी ती विरोधी. ही वाटणी ज्यानं केली त्यानं स्वयंपाकघर नीट पाहिलेलं होतं, असं मला नेहमी वाटतं.

परिग्रहाचंही तसंच. सगळं टाकून द्या असं गृहस्थाला सांगितलेलं नाही, माप ठरवा असं सांगितलंय. त्या व्रताला समंतभद्रांनी ‘इच्छापरिमाण’ असंही नाव दिलंय. वस्तू मोजण्याआधी इच्छा मोजायची. भोगोपभोगाच्या नियमांनाही मुदत घालायची सोय त्यांनी केली. एक दिवस, एक रात्र, पंधरवडा, महिना, ऋतू, अयन. मुदतीचा तो नियम आणि जन्मभराचा तो यम. म्हणजे ‘मी फक्त या महिन्यात धरलंय’ असं ओशाळून सांगायचं काही कारण नाही. ते शास्त्रातच बसतं.

आता कुणी म्हणेल, हे सगळं गृहस्थासाठी. परमपदाला पोचायचं असेल तर तिथे माप कसलं? त्याचं उत्तर आपण दरवर्षी पूजेत म्हणतो. सोळाकारण भावना आठवा. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात त्या येतात. तीर्थंकर नामकर्माचा बंध ज्यांनी पडतो त्या या सोळा भावना. त्याहून उंच आपल्याकडे काय आहे? आणि त्या यादीत त्याग आणि तप हे शब्द नुसते येत नाहीत. शक्तितः त्याग, शक्तितः तप असे येतात. शक्तीप्रमाणे.

पूज्यपाद आचार्यांनी ‘सर्वार्थसिद्धी’त याचा अर्थ उलगडताना दोन गोष्टी सांगितल्या आहेत. तप करणाऱ्यानं आपली शक्ती लपवू नये, हे एक. आणि ते तप मार्गाला विरोधी असू नये, हे दुसरं. मला तर या दोन अटींत सगळं आलं असं वाटतं. पहिली अट आळशांसाठी आहे. ‘संतुलन’ हा शब्द हल्ली फार गोड झालाय. दोन मजली बंगला घेतला तरी संतुलन, पंचविसावी पैठणी घेतली तरी संतुलन. पायऱ्या चढायच्या असतात. पहिल्या पायरीवर सतरंजी टाकून बसायचं नसतं. दुसरी अट अतिउत्साही लोकांसाठी. तपाच्या नादात रागराग, चिडचिड, घरच्यांना त्रास होऊ लागला, तर ते मार्गाला विरोधी झालं.

आता पुन्हा शांतिसागर महाराजांकडे येऊ. मुनी झाल्यावर त्यांनी एक गोष्ट बदलली, तिचं महत्त्व बायकांना लगेच कळेल. त्याआधी आपल्या भागात साधूंच्या आहाराची रीत सैल झाली होती. गावचा उपाध्ये आहाराचं घर आधीच ठरवून देई आणि त्या घरी महाराजांसाठी म्हणून स्वयंपाक होई. शांतिसागरांनी हे मान्य केलं नाही. शास्त्रात उद्दिष्टत्याग आहे, म्हणजे साधूसाठी म्हणून रांधलेलं साधूनं घ्यायचं नाही. भुंगा जसा फुलाला न दुखवता मध घेतो तसा आहार घ्यायचा, म्हणून त्याला भ्रामरी वृत्ती म्हणतात. घरात जे शुद्ध अन्न झालं असेल त्यातलं, विधी मिळाला तर. लोकांना ही रीत ठाऊकच नव्हती, त्यामुळे सुरुवातीला त्यांना कितीदा तरी निराहार परत फिरावं लागलं. ते त्यांनी सोसलं.

इथे जरा थांबा. नियम कडक केला, पण त्या कडकपणाचा भार आला कुणावर? त्यांच्या स्वतःवर. घरातल्या बाईवर नाही.

शेवटही तसाच. 1955 मध्ये डोळ्यांची दृष्टी फार मंद झाली. चालताना पायाखालचा जीव दिसेना, तर मुनीनं चालायचं कसं? सल्लेखनेसाठी समंतभद्रांनी अटी घातल्यात: टाळता न येणारं संकट, दुष्काळ, म्हातारपण, बरा न होणारा आजार. मनात आलं म्हणून ती घेता येत नाही. कुंथलगिरीवर त्यांनी ती घेतली, जयपूरकडे असलेल्या वीरसागर महाराजांना आचार्यपद सोपवलं, आणि 36 व्या दिवशी, 18 सप्टेंबर 1955 ला देह ठेवला. पूर्णतेचा ध्यास म्हणजे काय हे बघायचं तर यापेक्षा दूर जायला नको. पण त्यातही थांबणं आहे, अट आहे, माप आहे.

आता कुंभोजच्या लक्ष्मीबाई. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. भाऊरावांचा जन्मही कुंभोजचाच, त्यांच्या आजोळी, 22 सप्टेंबर 1887 चा. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना ते मिस क्लार्क वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले. ते वसतिगृह अस्पृश्य मुलांसाठी होतं. परत आल्यावर आंघोळ करून आत ये असं सांगितलं गेलं. आंघोळ करणार नाही, असं म्हणून त्यांनी बोर्डिंग सोडलं. 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. 1924 मध्ये ती साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. 1927 मध्ये गांधीजी तिथे आले होते, तेव्हा त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं.

हा झाला शाळेच्या पुस्तकातला इतिहास. आता स्वयंपाकघरातून बघा. लक्ष्मीबाई कर्मठ जैन घरातून आलेल्या. सोवळं-ओवळं, शोधाचं जेवण, कुणाच्या हातचं चालतं आणि कुणाच्या नाही, यात वाढलेल्या. त्यांच्या चुलीभोवती एकदम सगळ्या जातींची पोरं येऊन बसली. त्यांनी त्या पोरांना वाढलं, आजारपणं काढली. पैसे संपले तेव्हा अंगावरचा एकेक दागिना गेला. शेवटी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रही गेलं.

1930 मध्ये लक्ष्मीबाई गेल्या. संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्ष आहे, पण तो वटवृक्ष त्यांनी पाहिला नाही. 1935 चं साताऱ्याचं ट्रेनिंग कॉलेज, 1947 चं शिवाजी कॉलेज, 1954 चं कराडचं गाडगे महाराज कॉलेज, 1959 चा भाऊरावांचा पद्मभूषण, हे सगळं नंतरचं. भाऊरावांच्या प्रत्येक चरित्रात मंगळसूत्राचा प्रसंग असतो. बाकी पुस्तक कर्मवीरांचं असतं.

आता आपला प्रश्न या घराला विचारून बघा. लक्ष्मीबाईंचं आयुष्य संतुलित होतं का? कुठल्याच मापानं नाही. मग त्यांनी हात आखडता घ्यायला हवा होता का? असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या वसतिगृहात जेवलेल्या मुलांच्या घरी पुढे अक्षर गेलं. महाराष्ट्रातल्या किती घरांची पहिली शिकलेली पिढी ‘रयत’ची आहे, ते तुम्ही आपल्याच शेजारणींना विचारून बघा. संतुलन हा एकच धर्म असता तर हे घडलं नसतं.

पण म्हणून ‘बाईनं असंच झिजावं’ असा धडा त्यातून काढायचा का? तो मात्र मला मुळीच मान्य नाही. आणि याला आधार पुन्हा शास्त्राचाच देते. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, शक्तीपेक्षा जास्त भार लादणं, आणि अन्नपाणी रोखणं. चौथ्याचं नाव अतिभारारोपण. शिकवताना आपल्याला बैलाचं उदाहरण देतात. गाडीत जास्त पोती भरू नका, म्हणजे अहिंसा पाळली. पण बैलाला लागू होणारं व्रत सुनेला लागू होत नाही का? आईला? घरकामाला येणाऱ्या बाईला?

चौका लावलेल्या घरात पहाटे 4 पासून एक बाई विहिरीच्या पाण्यासाठी, ओल्या साडीत, धावत असते. ती आनंदानं करत असेल तर तिच्यासारखी पुण्यवान तीच. पण तिचा गुडघा सुजलाय आणि तरी बारा पदार्थ व्हायलाच हवेत असा घरचा आग्रह असेल, तर तिथे भुंग्यानं फूल दुखावलं. महाराजांनी नव्हे, घरच्यांनी. ज्या उद्दिष्टत्यागासाठी शांतिसागर महाराज निराहार फिरले, त्याचा अर्थच आपण विसरलो. नोकरी करणाऱ्या मैत्रिणीचंही तसंच. डिसेंबरात सूर्य 6 च्या सुमाराला मावळतो, आणि सीएसएमटीहून सीवूड्सला यायला तासाभराहून जास्त लागतो. सूर्यास्ताआधी जेवायचं व्रत घरात सगळ्यांनी घेतलं आणि रांधायचं तिनं एकटीनं, तर व्रत सगळ्यांचं आणि भार एकीचा, असं ते होतं. व्रत सगळ्यांचं असेल तर दुपारी घरी असलेल्या सासऱ्यांनी कुकर लावायला काय हरकत आहे?

लक्ष्मीबाईंच्या त्यागाकडे मी म्हणून वेगळ्या नजरेनं बघते. स्त्रीधन तिचं. मंगळसूत्र तर त्या काळी जिवापेक्षा मोठं, सौभाग्याचं लेणं. ते कुणी हिसकावून घेतलं असतं तर त्याला त्याग म्हणता आलं नसतं, लूट म्हणावं लागलं असतं. त्या गळ्यातून ते निघालं तेव्हा समोर भुकेली पोरं होती आणि निर्णय करणारे हात तिचे स्वतःचे होते. म्हणूनच तो शक्तितः त्याग. आणि त्याच वेळी इतिहासानं तो भाऊरावांच्या खात्यावर एका ओळीत मांडला, हेही बरोबर नाही. आपल्याकडे कृत, कारित, अनुमोदना म्हणतात. स्वतः करणं, करवून घेणं, मनापासून दुजोरा देणं, तिन्हींचा वाटा धरतात. पुण्यात धरतात तसा पापातही. लक्ष्मीबाईंचं मात्र नुसतं अनुमोदन नव्हतं. ते कृत होतं. साताऱ्याच्या त्या वसतिगृहाचं श्रेय मोजायचं तर दोघांचं मोजावं लागेल.

तर मैत्रिणींनो, पूर्णता की संतुलन, असं कुणी विचारलं तर मी यापुढे एका शब्दात उत्तर देणार नाही. भोजच्या पाटलांनी पूर्णतेचा ध्यास घेतला आणि त्याचा भार दुसऱ्यावर येऊ नये म्हणून वीस वर्षं थांबले. कुंभोजच्या लक्ष्मीबाईंनी दुसऱ्यांच्या पोरांचा भार स्वतःहून उचलला आणि मागे काही राखलं नाही. दोघंही आपापल्या परीनं टोकाला गेले. दोघांपैकी कुणीही स्वतःच्या व्रताचं ओझं दुसऱ्याच्या मानेवर ठेवलं नाही. भाऊरावांबद्दल एवढं नि:शंकपणे बोलता येत नाही, आणि हे बोलल्यानं त्यांचं मोठेपण कमी होत नाही. घरातल्या एकाचा ध्यास कितीही थोर असला, तरी त्याची चूल कुणीतरी पेटवत असतं.

यंदा दशलक्षणात काही धरण्याआधी म्हणूनच दोन गोष्टी विचारा. पहिली, यात माझी शक्ती किती आहे? ती वाढवून सांगू नका, लपवूही नका. गेल्या वर्षी एकाशन सहज झालं असेल तर यंदा एक पायरी वर चढा. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, शेजारणीच्या दहा उपवासांकडे बघू नका. दुसरी, याचा भार कुणावर पडणार आहे? माझ्या पारण्याची तयारी कोण करणार, माझ्या मौनात मुलांचा अभ्यास कोण घेणार? त्या माणसाला आधी विचारा. त्यानं मनापासून हो म्हटलं तर व्रताचा वाटा त्यालाही मिळाला. नाही म्हटलं तर नियमाची मुदत कमी करा, तप थोडं उतरवा, किंवा सातगोंडा पाटलांसारखं थांबा.

थांबणं हेही तप आहे. फक्त त्याची यादी मंदिरात लागत नाही.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.